नवीन कन्सोल आला तर कोल्हापुरात पहिल्या लॉटला किती नग मिळतात? बुकिंग कुठं आणि कसं करावं?

आठवी_गल्ली

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत छोटं गेमिंग पार्लर आहे, सध्या सोनीचे चार पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल) लावलेत. पुढच्या पिढीचा कन्सोल भारतात जाहीर झाला की पहिल्याच लॉटमध्ये चार नग उचलायचा विचार आहे. नव्या मशीनची नवलाई पहिले काही महिनेच असते, आणि तेवढ्याच काळात गिऱ्हाईक तासाला जादा पैसे द्यायला तयार असतं.

तयारी आत्तापासून करावी म्हणून विचारतोय. कोल्हापूरच्या वाट्याला किती माल येतो आणि ते ठरवतं कोण? एक दुकानदार नगामागं दहा हजार ॲडव्हान्स मागतोय, पावती देत नाही, "व्हॉट्सॲपवर मेसेज आहे की" म्हणतो. दुसरा म्हणतो कन्सोल सुटा मिळणार नाही, दोन गेम आणि एक जादा पॅड (हातात धरायचा कंट्रोलर) घ्यावाच लागेल. तिसरा मार्ग मुंबईच्या इम्पोर्टवाल्यांचा, भारतातल्या लॉन्चच्या आधी मिळेल म्हणतात. ऑनलाइनला कोल्हापूरचा पिनकोड चालतो का? यातलं काय धरावं, काय सोडावं?

लक्ष्मीपुरी_घाऊक

मालक, पहिल्या लॉटला एका नावावर चार नग मिळतील हे डोक्यातून काढा. नीट हालचाल केली तर एक मिळेल. बाकी तीन पुढच्या लॉटमध्ये, आणि तसंच नियोजन केलेलं बरं.

माल कसा वाटला जातो ते बघा. कंपनी आधी देशवार कोटा ठरवते. अमेरिका, जपान, युरोप यांचा वाटा मोठा, आपला छोटा. पीएस५ अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला आणि बऱ्याच इतर देशांत १९ नोव्हेंबरला आला. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. प्री-ऑर्डर १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता उघडली आणि काही मिनिटांत संपली. उलट मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस भारतातही जगाबरोबरच, १० नोव्हेंबर २०२० ला आले. म्हणजे "भारतात उशिराच येतं" असा नियम नाही, कंपनी कोणती यावर आहे.

देशाच्या कोट्याचे पुन्हा तुकडे पडतात. कंपनीचं स्वतःचं ऑनलाइन दुकान, मोठ्या ऑनलाइन साइट्स, इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळी शोरूम, आणि उरलेला डिस्ट्रिब्युटरकडून डीलरकडं. साखळी शोरूमचा माल त्यांच्या डेपोतून येतो आणि पुण्या-मुंबईच्या शाखांना आधी मिळतो. आपल्याकडच्या सुट्या डीलरचं बिलिंग बहुतेक पुण्याहून होतं. त्याला किती द्यायचे हे डिस्ट्रिब्युटर तीन गोष्टींवर ठरवतो: मागच्या काही महिन्यांत त्यानं कन्सोल, पॅड, गेम मिळून किती माल उचलला, पैसे वेळेवर येतात का, आणि त्याच्याकडं नावानिशी बुकिंगची यादी किती आहे. ही तिसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. "गिऱ्हाईक लय आहे साहेब" असं फोनवर सांगणारा डीलर आणि नाव, मॉडेल, मोबाइल, भरलेली रक्कम असा कागद पाठवणारा डीलर, यांत दुसऱ्याला आधी माल सुटतो.

म्हणून दुकानात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. "तुमचं बिलिंग कुठून होतं?" असं विचारा. खरा डीलर डिस्ट्रिब्युटरचं नाव सरळ सांगतो, जुन्या कन्सोलचं एखादं बिलही दाखवतो. "माल मुंबईहून येतो" एवढंच उत्तर आलं तर तो दुसऱ्या दुकानदाराकडून उचलणारा आहे. त्याच्यापर्यंत माल आला तर उरलेला येतो, आणि तो चढ्या भावातच येतो.

डीलरला आत्ताच लेखी द्या: पहिल्या लॉटला १, दुसऱ्या-तिसऱ्या लॉटमध्ये ३, बिल पार्लरच्या जीएसटी नंबरवर. अशी टप्प्याटप्प्याची मागणी डीलरला परवडते, कारण पुढच्या लॉटचं गिऱ्हाईकही त्याला आधीच बांधलेलं मिळतं. घरातल्या चौघांच्या नावानं चार दुकानांत बुकिंग करून ठेवू नका. डिस्ट्रिब्युटर यादीतले मोबाइल नंबर ताडून बघतो, आणि दुहेरी नावं निघाली की त्या डीलरचीच यादी मागं पडते.

रस्त्याचंही ध्यानात ठेवा. पुण्याहून माल रात्रीत येतो ही नेहमीची गोष्ट, पण लॉन्च जुलै-ऑगस्टात पडला तर हिशोब वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. पावसाळ्यातल्या लॉन्चला गिऱ्हाईकाला तारखेचा शब्द देऊ नका.

वेफर_वाचक

लक्ष्मीपुरीच्या दादांनी वाटपाचं सांगितलं, मी त्याच्या मागचं सांगतो. दुसरा-तिसरा लॉट कधी येईल याचा अंदाज बांधायचा असेल तर टंचाई कुठून येते ते कळायला हवं. "कंपनी मुद्दाम माल दाबून धरते" हे प्रत्येक चौकात ऐकू येतं, पण खरी गाठ कारखान्यात आहे.

कन्सोलचा जीव म्हणजे एक मोठी चिप, तीत सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (चित्र तयार करणारा प्रोसेसर) एकत्र. ती ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर बनते. वेफरचं क्षेत्रफळ साधारण ७०,६८५ चौरस मिलिमीटर. सुरुवातीच्या पीएस५ ची चिप अंदाजे ३०८ चौ.मिमी. होती. सरळ भागाकार केला तर २२९ येतात, पण गोलाच्या कडेचे तुकडे वाया जातात, म्हणून हातात जेमतेम १९० पडतात. सिरीज एक्सची चिप ३६० चौ.मिमी., तिथं १६० च्या आसपास. सिरीज एसची चिप मात्र सुमारे १९७ चौ.मिमी., त्यामुळं तेवढ्याच वेफरमधून ३१० च्या घरात निघतात. एक वेफर घ्या आणि त्यातून १६० एक्स काढा किंवा ३१० एस. लॉन्चनंतरच्या दोन वर्षांत एक्स कुठंच दिसत नव्हता आणि एस मिळत होता, त्यामागं हे एक मोठं कारण. शिवाय मायक्रोसॉफ्टला एक्सच्याच चिपा क्लाउड गेमिंगच्या सर्व्हरलाही लागत होत्या.

या झाल्या कापलेल्या चिपा, सगळ्या चालणाऱ्या नव्हेत. काहींत दोष निघतो. म्हणून रचनेतच थोडे जादा भाग ठेवतात. पीएस५ च्या चिपवर जीपीयूचे ४० गट असतात, वापरतात ३६. सिरीज एक्सवर ५६ असतात, वापरतात ५२. एखाद-दुसरा गट खराब निघाला तरी तो बंद करून चिप वापरता येते. मोठा दोष असला की चिप बाद.

आता वेळ बघा. असा वेफर कारखान्यात घातल्यापासून बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. मग कापणी, पॅकेजिंग, चाचणी, बोर्डावर बसवणं, कन्सोलची जुळणी, खोक्यात भरणं, जहाज. लॉन्चच्या दिवशी दुकानात जे आहे ते जवळपास सहा महिने आधी ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी मागणी दुप्पट निघाली म्हणून त्याच दिवशी ऑर्डर वाढवली, तरी तो जादा माल पाच-सहा महिन्यांनीच दिसणार. तोवर जे येतं ते आधीच ठरलेले हप्ते. मधल्या काळात पहिला लॉट गेला, दुसरा छोटाच आला, तिसराही छोटा, असं होतं ते यामुळं.

आकडे बोलतात. सोनीनं २०२० च्या डिसेंबरअखेर ४५ लाख पीएस५ पाठवले होते आणि मार्च २०२१ अखेर एकूण ७८ लाख, म्हणजे नंतरच्या तीन महिन्यांत ३३ लाखच. पुरवठा आता सुरळीत झाला असं सोनीनं उघडपणे सांगितलं ते जानेवारी २०२३ मध्ये. त्यात कोरोनाकाळातली मागणी होती, आणि चिप ज्या पातळ थरांच्या पट्टीवर बसवतात त्या सबस्ट्रेटचीही टंचाई होती.

पण दर वेळी दोन वर्षं वाट बघावी लागते असंही नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं आपल्या स्विच २ या कन्सोलसाठी आधीपासून साठा केला होता. ५ जून २०२५ ला विक्री सुरू झाली आणि चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त नग गेले, सप्टेंबरअखेर १ कोटी ३ लाख ६० हजार. एवढा साठा करूनही जपानमधल्या त्यांच्या स्वतःच्या दुकानात सोडतीसाठी २२ लाख अर्ज आले, आणि अर्जाची अट अशी की आधीच्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असावेत आणि ऑनलाइन सदस्यत्वाचं एक वर्ष भरलेलं असावं. काळ्या बाजाराला अडवण्याचा हा सगळ्यात सरळ उपाय मला वाटतो. आपल्याकडच्या विक्रीतही अशी काही अट आली तर खऱ्या खेळणाऱ्याचं भलं होईल.

पुढच्या लॉन्चला माझी नजर मेमरीवर असेल. पीएस५ मध्ये १६ जीबी जीडीडीआर६ (ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी) आहे, म्हणजे २ जीबीच्या ८ चिपा. सिरीज एक्समध्ये १०. एक चिप कमी पडली तरी कन्सोल लाइनवरून पुढं सरकत नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआय सर्व्हरकडं मेमरी वळल्यामुळं डीरॅम आणि एसएसडीच्या फ्लॅशचे भाव वर गेलेत. याचा फटका दोन तऱ्हांनी बसतो, किंमत वाढते किंवा पहिला लॉट लहान येतो. जाहीर किमतीवर बजेट घट्ट बांधू नका. पीएस५ भारतात ४९,९९० ला आला होता आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो हा जुना अनुभव या पिढीत चालला नाही.

आठवी_गल्ली

हे सविस्तर सांगितल्याबद्दल मनापासून आभार. एक उपप्रश्न: डिस्कवाला आणि डिजिटल (डिस्क ड्राइव्ह नसलेला) असे दोन प्रकार आले तर बुकिंग कशाचं करावं? डिजिटल लवकर मिळेल का?

वेफर_वाचक

चिप दोन्हींत तीच, त्यामुळं किती कोणते बनवायचे हे कंपनी ठरवते. पीएस५ च्या वेळी भारतात पहिल्यांदा डिस्कवालाच विकला गेला, डिजिटल मे २०२१ मध्ये आला. स्वस्त मॉडेल लवकर मिळेल या भरवशावर राहू नका. पार्लरला तसाही डिस्कवाला बरा, गेम जुना झाला की डिस्क विकता येते. ड्राइव्ह वेगळा जोडायचा असेल तर तो कन्सोलबरोबरच बुक करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएस५ प्रो (पीएस५ चं जास्त ताकदीचं मॉडेल, ड्राइव्हशिवाय येणारं) बाहेर आला तेव्हा कन्सोल मिळत होता आणि सुटा ड्राइव्ह अमेरिका-युरोपात संपला होता.

दुपारी_बारा

ऑनलाइनचं मी सांगतो. कोल्हापूर शहराचे पिनकोड मोठ्या साइट्सवर चालतात, अडचण येते ती वेगळीच. साइट पिनकोडप्रमाणं जवळच्या गोदामातला साठा दाखवते. त्या गोदामातला संपला की तुम्हाला "उपलब्ध नाही" दिसतं आणि त्याच क्षणी पुण्यातल्या माणसाला बुकिंग करता येतं. म्हणून दोन पत्ते साठवून ठेवा, एक कोल्हापूरचा ४१६००१ आणि एक पुण्या-मुंबईतल्या जवळच्या नातेवाइकाचा. कागल, इचलकरंजीकडच्या मंडळींनी कोल्हापूर शहरातला पत्ताही ठेवावा. जड आणि महागड्या मालाची डिलिव्हरी काही पिनकोडला बंद असते आणि ते शेवटच्या पानावरच कळतं.

आदल्या दिवशी करायची कामं: प्रत्येक साइटवर लॉगिन करून ठेवा, पत्ता डीफॉल्ट करा, कार्ड साइटवर आधीच जोडून (टोकन करून) ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन खरेदीची मर्यादा वाढवा. बरीच कार्डं २५ किंवा ५० हजारांवर अडतात आणि त्या वेळी कारण कळत नाही. यूपीआयनं भरणार असाल तर फोन किंवा सिम त्याच आठवड्यात बदलू नका. नव्या फोनवर ॲप सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. ओटीपी ज्या सिमवर येतो त्याची रेंज दुकानात नीट आहे का तेही बघा, तळघरातल्या पार्लरमध्ये नेमकी तिथंच अडचण होते.

बारा वाजता पान सारखं रिफ्रेश करू नका, काही साइट्स तुम्हाला बॉट समजून रांगेच्या मागं टाकतात. पाच मिनिटं आधी पान उघडा, ठोक्याला एकदा रिफ्रेश, सरळ "आता खरेदी करा". कार्टमध्ये टाकलं म्हणजे नग तुमचा झाला असं नसतं, पेमेंट पूर्ण झाल्यावरच तो साठ्यातून वजा होतो. कूपन, एक्स्चेंज, ईएमआय यात शिरू नका, प्रत्येक जादा पान म्हणजे हातातला नग जाण्याची संधी. ईएमआय बऱ्याच बँकांत नंतरही करून मिळतो.

पैसे गेले आणि ऑर्डर झाली नाही तर घाबरून लगेच दुसरं पेमेंट ठोकू नका, आधी "माझ्या ऑर्डर्स" बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणं अशी रक्कम व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी, त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेकडून. पण तेवढे दिवस ते पैसे अडकून राहतात, म्हणून दुसऱ्या खात्यात एका कन्सोलची रक्कम वेगळी असू द्या.

बारा वाजता हुकलं तरी तास-दीड तास नजर ठेवा. ज्यांचं पेमेंट अर्धवट राहिलं ते नग परत साठ्यात येतात. पीएस५ च्या वेळीही भारतात पुढचे लॉट असेच ठरावीक दिवशी, बहुधा दुपारी बाराच्या ठोक्याला उघडायचे.

खोक्यावरचा_स्टिकर

इम्पोर्टबद्दल बोलतो, कारण यात लोक सगळ्यात जास्त फसतात.

भारतात विकायच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात व्हिडिओ गेमची उपकरणं पहिल्यापासून आहेत. मॉडेलची भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी होते, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी कारखान्यानुसार होते, आणि वायफाय-ब्लूटूथसाठी दूरसंचार खात्याकडची वेगळी मान्यता लागते. भारतातला लॉन्च मागं पडतो तो काही वेळा यातच. पीएस५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला जगभर आला आणि भारतात आला नाही, तेव्हा सोनीनं दिलेलं कारण हेच: त्यातल्या वायफाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या वेळी इथं खुला नव्हता.

अधिकृत माल ओळखायला खोकं हातात घ्या. आयातदाराचं नाव आणि पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, ग्राहक सेवेचा नंबर हे छापील असायला हवं. बीआयएसचं चिन्ह आणि "आर-" नं सुरू होणारा नोंदणी नंबर असायला हवा. मग मॉडेल नंबर. पीएस५ स्लिमचा (पीएस५ च्या नंतरच्या बारीक मॉडेलचा) भारतीय माल सीएफआय-२००८ आहे. २०१५ अमेरिकेचा, २०१६ युरोपचा, २०१८ हाँगकाँग-सिंगापूरकडचा, २००० जपानचा. शेवटचे दोन आकडे बघायची सवय लावली की दुकानदारानं वरून चिकटवलेल्या स्टिकरला फसायची वेळ येत नाही. पुढच्या कन्सोललाही असाच प्रदेशाचा आकडा असणार, जाहीर झाला की लिहून ठेवा.

परदेशी नगात गेम चालतात, वीजही १०० ते २४० व्होल्ट चालते. अडचण वॉरंटीची. ती त्या त्या देशापुरती असते. पार्लरमध्ये दिवसाला दहा-बारा तास चालणारं मशीन वॉरंटीशिवाय घेणं मला अजिबात पटत नाही.

जपानी मालाबद्दल तर स्पष्ट सांगतो, स्वस्त दिसला तरी हात लावू नका. स्विच २ चे जपानमध्ये दोन प्रकार आले, ४९,९८० येनचा आणि ६९,९८० येनचा. पहिल्यात फक्त जपानी भाषा, आणि जपान हा प्रदेश निवडलेलं खातंच त्याला जोडता येतं. पीएस५ चाही असाच फक्त जपानी भाषेचा डिजिटल प्रकार २१ नोव्हेंबर २०२५ ला ५५,००० येनला आला, त्यालाही जपानमध्ये नोंदवलेलंच खातं लागतं. मुंबईत "जपान पीस" म्हणून स्वस्तात निघतात ते यातले असू शकतात. सेटिंगमध्ये भाषांची यादी उघडून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्रीच नाही, तिथं इम्पोर्टशिवाय इलाज नाही. तेव्हा बहुभाषी नग, दुकानाची स्वतःची लेखी वॉरंटी आणि जीएसटी बिल या तीन गोष्टी घ्याच. स्विच २ ला जुनं मायक्रोएसडी कार्ड गेम साठवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेसच लागतं, आणि सुरुवातीला कन्सोलपेक्षा ते कार्ड मिळायला अवघड असतं. दुबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत चार नग मागवू नका. कस्टमवाले ते वैयक्तिक सामान धरत नाहीत, व्यापारी माल धरतात.

कुरिअरनं आलं तर खोकं फोडायच्या आधी व्हिडिओ सुरू करा. पत्त्याचं लेबल, चारही बाजूंच्या पट्ट्या, मग फोडणं, सिरीयल नंबर खोक्यावरचा आणि मशीनवरचा, टीव्हीला लावून सुरू होणं, हे सगळं एका सलग चित्रणात. मधे कट असला की तक्रार कमजोर पडते. वजनकाटा असेल तर तोही घ्या. डिस्कवाला पीएस५ स्लिम नुसता ३.२ किलोचा आहे, खोकं आणि पॅड धरून त्याहून बरंच जास्त भरायला हवं.

पक्की_पावती

ॲडव्हान्स आणि बंडलचं राहिलं.

पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. जीएसटीत वस्तूच्या ॲडव्हान्सवर कर भरावा लागत नाही, पण नोंदणीकृत दुकानदारानं पैसे घेतले की रिसीट व्हाउचर द्यायचं असतं. "कर बसेल म्हणून पावती देत नाही" हे कारण चालत नाही. दहा हजार जास्त होतात, दोन ते पाच हजार पुरेत. पावतीवर दुकानाचा जीएसटी नंबर, कन्सोलचं पूर्ण मॉडेल, यादीतला तुमचा क्रमांक, आणि ही वाक्यं लिहून घ्या: "विक्री छापील एमआरपीपेक्षा जास्त दरानं होणार नाही. सोबत इतर वस्तू घेण्याची अट नाही. भारतातील विक्री सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत नग न मिळाल्यास पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत." दुकानदार खरा असेल तर सही करतो. शेवटचं वाक्य खोडून मागितलं तर तुमचे पैसे तो दुसऱ्या मालात फिरवणार असं समजा.

दोन गेम आणि पॅडची सक्ती. दुकानदार असं का करतो तेही समजून घ्या, कन्सोलमागं त्याला फार थोडं सुटतं, गेम आणि पॅडमध्ये बरं सुटतं. कंपनीनं स्वतः बंडल काढलं, एकाच खोक्यात, एकाच एमआरपीला, तर ते रीतसर. पण सुटा कन्सोल उपलब्ध असताना दुसरी वस्तू घेतलीच पाहिजे अशी अट घालणं हे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४१) मधल्या प्रतिबंधक व्यापार प्रथेत बसतं. एमआरपीच्या वर विक्री झाली तर वजनमापे खात्याकडं तक्रार करता येते, बिलावर तीच रक्कम असली पाहिजे. म्हणून "बिल एमआरपीचं, वरचे रोख" याला तयार होऊ नका, पुरावाच राहत नाही.

आणि हा मुद्दा पार्लरवाल्यांसाठी महत्त्वाचा. त्याच कायद्याच्या कलम २(७) प्रमाणं व्यापारी हेतूनं घेतलेल्या मालाला ग्राहक म्हणून संरक्षण नाही. पण स्वतः चालवून, केवळ उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसून एक पार्लर चालवता तर ही बाजू मांडता येते. पगारी माणसं ठेवून तीन शाखा असतील तर कठीण. जीएसटी नंबरवर बिल घेतलं म्हणून हक्क आपोआप जात नाही, पण समोरचा तो मुद्दा काढणार, तेव्हा दुकान परवाना आणि विवरणपत्रं जपून ठेवा. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग, मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

कंपनीच्या वॉरंटी कार्डात व्यावसायिक वापर किंवा भाड्यानं देण्याबद्दलचं कलम असतं का ते खरेदीआधी वाचा. असलं तर डीलरकडून वेगळा दुरुस्तीचा करार लिहून घ्या.

आठवी_गल्ली

दहा हजारवाल्याला नाही म्हणून कळवलं. लक्ष्मीपुरीतल्या एका डीलरकडं पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरचं बिल बघायला मिळालं, त्याच्याकडं १ अधिक ३ असं लेखी देतोय, पक्की_पावतींनी दिलेल्या वाक्यांसकट. ऑनलाइनला एकच नग, माझ्या नावावर. पॅडचं काय करावं? एका मशीनला दोन धरले तर चार जादा लागतील.

लक्ष्मीपुरी_घाऊक

पॅड आधीच बुक करा, कन्सोलच्या यादीतच वेगळी ओळ टाकून. पहिल्या लॉटबरोबर पॅड हमखास कमी येतात, कारण प्रत्येक कन्सोलवाला दुसरा पॅड मागतो आणि डीलरनं तेवढे मागवलेले नसतात. पार्लरच्या वापरात स्टिक आधी जाते, म्हणून चार मशीनला चार जादा आणि वर दोन राखीव असे सहा धरा. पहिला कन्सोल आला की त्याच दिवशी सगळे सहा उचलायची गरज नाही. पहिल्या मशीनबरोबर दोन घ्या, बाकीचे प्रत्येक नगाबरोबर येऊ द्या. डीलरला तसं लिहून दिलं की त्यालाही डिस्ट्रिब्युटरकडं मागताना सोपं जातं.